कासालचा हार

सध्या मोबाईल उघडला की नायसिनमाइडच्या जाहिराती येतात. उन्हाने रापलेली मान, गळ्याखाली व्ही आकारात काळवंडलेली छाती; दोन थेंब लावा आणि फरक बघा. आमच्या यवतमाळात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, त्यामुळे अशा माना इथे घरोघरी. सीरम घ्यावं की नाही, ते तुम्ही ठरवा. मला त्या बाटलीवरच्या नावात रस आहे. नायसिनमाइड, म्हणजेच निकोटिनामाइड, हे ब-३ जीवनसत्त्वाचं एक रूप. त्याचा इतिहास मान आणि छातीवरूनच सुरू होतो, आणि वाटेत कापसाच्या शेतातून जातो.

१७३५ साली स्पेनच्या अस्तुरियास प्रांतात गास्पार कासाल नावाच्या वैद्याने गरीब शेतकऱ्यांमधला एक रोग टिपून ठेवला. ही माणसं मुख्यतः मक्यावर जगायची. हातापायांवर खरखरीत चट्टे, आणि गळ्याभोवती तपकिरी पट्टा. तो पुढून छातीच्या हाडावर असा उतरायचा, की जणू हाराचं पदक. आजही डॉक्टर त्याला ‘कासालचा हार’च म्हणतात. पुढे हगवण, मग भ्रम, मग मृत्यू. १७७१ मध्ये इटलीत फ्रापोलीने त्याला पेलाग्रा नाव दिलं. अर्थ एवढाच, खरबरीत कातडी. चट्टे ऊन वाढलं की उठायचे आणि उघड्या अंगावरच उठायचे. मग दोष उन्हाला देणं सोपं होतं.

पुढचा मोठा अध्याय अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यातला. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तिकडे पाठवलं. रोग संसर्गजन्य आहे, असं तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत. गोल्डबर्गरने पाहिलं, की अनाथालयांत आणि वेड्यांच्या इस्पितळांत आतली माणसं आजारी पडतात, त्यांची शुश्रूषा करणारे कधीच नाही. त्याने मुलांना दूध, अंडी, मांस दिलं, रोग गेला. १९१५ मध्ये मिसिसिपीतल्या तुरुंगाच्या शेतावर शिक्षामाफीच्या बदल्यात तयार झालेल्या ११ कैद्यांना मका-भाताचं निकृष्ट जेवण दिलं. सहा जणांना चट्टे उठले. (आज असा प्रयोग कुणी करू देणार नाही, आणि ते बरंच आहे.) तरी लोक मानेनात, तेव्हा तो, त्याची बायको आणि सहकाऱ्यांनी रोग्यांचं रक्त टोचून घेतलं. त्याने आणि काही सहकाऱ्यांनी तर रोग्यांची विष्ठासुद्धा गोळ्या करून गिळली. कुणालाही काही झालं नाही.

पण मला थांबवतं ते त्याचं कापूस गिरण्यांच्या वस्त्यांमधलं काम. कुटुंबाची मिळकत जितकी कमी, तितका रोग जास्त. शेतावर वेगळं नव्हतं. बटईदाराच्या दारापर्यंत कपाशी. भाजीला, गाईला जागा नाही. दुकानातून उधारीवर मक्याचं पीठ, चरबी आणि काकवी. १९२०च्या अखेरीस कापसाचे भाव कोसळले, तेव्हा रोग वाढेल असा इशारा त्याने दिला. १९२९ मध्ये तो वारला. १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेमने दाखवलं, की कमी पडत होतं ते निकोटिनिक आम्ल, तेच ब-३.

हे वाचताना यवतमाळ आठवल्याशिवाय राहत नाही. कापसासाठीच इथे मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रूळ पडले, तीच आपली शकुंतला. पैनगंगा ओलांडली की तेलंगण. तिथे हैदराबादेत सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांना पेलाग्रा आढळला तो मका न खाणाऱ्यांत, ज्वारीवर जगणाऱ्यांत. ज्वारीतलं ल्यूसिन जास्त असल्याने शरीर ब-३ नीट वापरू शकत नाही, अशी मांडणी त्यांनी १९६० मध्ये केली. ती सगळ्यांना पटली नाही. ज्वारीला खलनायक करायचं कारणही नाही. कपाशीत तुरीचं तास पेरणारा शेतकरी भाकरीबरोबर वरणही खात होता. धोका होता तो नुसत्या भाकरीवर दिवस काढणाऱ्याला.

मग ऊन निर्दोष? तसंही नाही. अतिनील किरणांनी झालेली मोडतोड दुरुस्त करायला कातडीच्या पेशींना जे द्रव्य लागतं, ते शरीर ब-३ पासून बनवतं. ते संपलं की रोजचं ऊनही भाजतं. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियात त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या ३८६ जणांवर चाचणी झाली. ज्यांना निकोटिनामाइडच्या ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा दिल्या, त्यांच्यात वर्षभरात नवे कर्करोग २३ टक्क्यांनी कमी आढळले. गोळी थांबली की फायदाही थांबला.

पेलाग्रा आता दुर्मीळ आहे, पण गेलेला नाही. जेवण सुटलेल्या दारुड्यात तो दिसतो. कधी क्षयाच्या आयसोनियाझिड गोळीनेही होतो. दोन्ही हातांवर सारखेच, कडा ठळक असलेले चट्टे, गळ्यात पट्टा, लाल दुखरी जीभ, जुलाब: एवढं एकत्र दिसलं तर मलम लावत बसू नका, त्या माणसाला दवाखान्यात न्या. निकोटिनामाइडच्या गोळ्या आणि धड जेवण मिळालं की जीभ काही दिवसांत सुधारते. गळ्यातला हार उतरायला काही आठवडे लागतात.