आरंभीचा आधार : तळेगाव, कुंडल रोड आणि कोल्हापूर

मराठीतील उद्योजकांची चरित्रे आणि आत्मचरित्रे एकापाठोपाठ एक वाचली, तर त्यांच्या रचनेतील एक साचा लवकरच ध्यानात येतो. नायक सामान्य घरात जन्मतो, नोकरीत त्याचा अपमान होतो, तो बाहेर पडतो, माळरानावर पाऊल ठेवतो आणि ‘शून्यातून विश्व’ निर्माण करतो. हा साचा वाचनीय आहे, प्रेरकही आहे. परंतु त्यातील ‘शून्य’ हा शब्द तपासून पाहिला पाहिजे, कारण तो उच्चारताच त्या माळरानावर आधीपासून उभी असलेली पुष्कळ माणसे दिसेनाशी होतात. जमीन देणारा, पैसे देणारा, पहिला गिऱ्हाईक होणारा, रात्री पहारा करणारा, हे सारे चरित्राच्या पहिल्या प्रकरणात येऊन जातात आणि दुसऱ्या प्रकरणानंतर त्यांचे नाव निघत नाही.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांतील तीन मराठी आरंभ या दृष्टीने एकत्र पाहण्यासारखे आहेत. आकाराने त्यांची तुलना होऊ शकत नाही. एक काच कारखाना, एक नांगराचा कारखाना आणि एक चहाचे हॉटेल. पण धंदा सुरू करू पाहणाऱ्याला भोवतालच्या समाजाने आधार द्यायचा म्हणजे नेमके काय द्यायचे, या प्रश्नाची तीन वेगळी उत्तरे त्यांत सापडतात.

पहिले उत्तर पैसा फंडाचे. अंताजी दामोदर काळे यांची कल्पना वरवर पाहता भाबडी वाटावी अशी होती : प्रत्येकाने एक पैसा द्यावा आणि त्या निधीतून देशी उद्योग उभे राहावेत. लोकमान्य टिळकांसारख्यांनी तिला पाठबळ दिले आणि स्वदेशीच्या चळवळीने तिला वारे मिळाले. त्या काळी रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे दहा हजार रुपये जमवायचे, तर सहा लाख चाळीस हजार माणसांनी एकेक पैसा द्यावयास हवा. हा हिशेब मांडला की या योजनेमागील कष्टांची कल्पना येते. गावोगाव हिंडून, मेळ्यांत आणि सभांत डबा फिरवून हे पैसे गोळा करावे लागले. त्यातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे पैसा फंड काच कारखाना सुरू झाला. त्याची तांत्रिक धुरा प्रथम ईश्वरदास वार्ष्णेय यांनी सांभाळली. ते मराठी नव्हते, उत्तरेकडचे होते, आणि परदेशात जाऊन शिकून आले होते. मराठी लोकांच्या पैशातून उभा राहिलेला कारखाना बाहेरच्या जाणकाराच्या हाती द्यायला कोणी कचरले नाही, ही गोष्ट आज मुद्दाम नोंदवण्याजोगी आहे.

तळेगावच्या कारखान्याचे खरे महत्त्व त्याच्या नफ्यातोट्यावरून ठरवता येत नाही. तो कारखाना होता तशी शाळाही होती. काच कशी वितळवावी, भट्टी कशी बांधावी, फुंकनळी कशी धरावी, हे तिथे शिकून गेलेली माणसे पुढे देशातील इतर काच कारखान्यांत कामाला लागली. पैसा देणाऱ्या लाखो लोकांना त्या पैशाचे व्याज मिळाले नाही, पण एक विद्या या भूमीत रुजली. तरुण कारागिराला भांडवलापूर्वी विद्या लागते आणि तिचा खर्च एकट्याने सोसण्याजोगा नसतो, हे पैसा फंडाने ओळखले होते. या उत्तराची मर्यादाही उघड आहे. लोकवर्गणी उत्साहाच्या भरतीवर चालते आणि ओहोटी केव्हा लागेल हे कोणालाच सांगता येत नाही.

दुसरे उत्तर औंध संस्थानचे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांची कथा सर्वपरिचित आहे, म्हणून तिचा केवळ आरंभीचा भाग येथे पाहू. चित्रकलेचे शिक्षण रंगांधळेपणामुळे अर्धवट राहिले. यांत्रिक रेखाटन शिकून मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. बढतीच्या वेळी डावलले गेल्यावर नोकरी सोडून ते बेळगावला बंधू रामूअण्णांजवळ आले. तिथे सायकलींचे दुकान होते, पुढे कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली, असे सांगतात. धंदा जेमतेम पायांवर उभा राहतो आहे, तोच शहराच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा रिकामी करण्याचा प्रसंग बेळगावात आला.

याच ठिकाणी औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी कथेत येतात. ते १९०९ मध्ये गादीवर आले होते. लक्ष्मणरावांच्या कामाची पारख त्यांना होती, आणि चित्रकलेची ओढ दोघांनाही होती. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपये कर्ज देऊ केले. १० मार्च १९१० रोजी किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली. जमीन ओसाड होती, निवडुंगाने आणि सापांनी भरलेली होती, हे चरित्रकार आवर्जून सांगतात. ती रेल्वेला लागून होती, या गोष्टीवर मात्र ते फारसे रेंगाळत नाहीत. नांगरासारखी अवजड वस्तू करणाऱ्याला कच्चे लोखंड आणायला आणि तयार माल पाठवायला रेल्वेइतका मोठा आधार दुसरा नव्हता. साप मारता येतात आणि निवडुंग तोडता येतो, पण कारखान्यासाठी कोणी स्टेशन आणून देत नाही.

येथे ‘स्थानिक’ या शब्दाची दुहेरी धार दिसते. बेळगावातील सत्ता स्थानिक होती, तशी औंधातीलही. एकीने जागा सोडायला लावली, दुसरीने दिली. बेळगावच्या कारभाऱ्यांच्या लेखी शहराच्या आखणीत अडणारी एक शेड एवढाच त्या कारखान्याचा अर्थ होता. पंतप्रतिनिधींनी त्या शेडमागील माणूस ओळखला. हा फरक नियमांचा नव्हता, ओळखीचा होता. आणि नेमकी हीच या उत्तराची मर्यादा आहे. जो आधार ओळखीतून येतो, तो ओळख नसलेल्यापर्यंत पोहोचत नाही. राजाशी ज्याची गाठ कधी पडलीच नाही, असा एखादा तितकाच गुणी लोहार त्याच मुलखात असेल, तर त्याचे चरित्र कोणी लिहिलेले नाही.

किर्लोस्करवाडीच्या आरंभीच्या मंडळींची यादी वाचताना असाच एक तपशील थांबवतो. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर, के. के. कुलकर्णी ही नावे आडनावांसह येतात. त्यांच्याबरोबर वसाहतीची राखण करणारे दोघे येतात : तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दरोडेखोरीसाठी शिक्षा भोगून आलेल्या या दोघांवर लक्ष्मणरावांनी पहाऱ्याचे काम सोपवले आणि त्यांनी तो विश्वास सार्थ केला. प्रसंग उदात्त आहेच. पण भाषेचा अभ्यासक हेही पाहील की बाकीच्यांना आडनाव आहे आणि या दोघांना जात. ज्यांच्या जागरणामुळे त्या माळावर इतरांना निर्धास्त झोप लागली, त्यांची नोंद कथेने अशा रीतीने केली. आधार देणाऱ्यांत राजा होता तसे हेही होते, परंतु आभाराची वाटणी सारखी झाली नाही.

औंधचा प्रयोग किर्लोस्करवाडीपाशी थांबला नाही. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ याच संस्थानात ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडले आणि तिथला प्रभाकर कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत गेला. एका लहानशा, विखुरलेल्या मुलखाच्या संस्थानात दोन गावांची नावे कारखानदारांवरून पडावीत, ही गोष्ट योगायोगाची नाही. किर्लोस्करवाडीने मराठी साहित्याला काय दिले, हे तर साहित्याच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. शं. वा. किर्लोस्करांनी १९२० मध्ये सुरू केलेले ‘किर्लोस्कर खबर’ हे कारखान्याचे वार्तापत्र पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्यामागून १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले. मराठी मध्यमवर्गाच्या दोन पिढ्यांचे वाचन ज्या मासिकांनी घडवले, त्यांची मुळे शोधत गेलो, तर आपण स्टेशनाजवळच्या त्या ३२ एकरांवर येऊन पोहोचतो.

तिसरे उत्तर कोल्हापूरचे आहे. उद्योगाच्या इतिहासात त्याची नोंद क्वचितच होते. सामाजिक सुधारणेच्या इतिहासात तेवढी ते आढळते. गंगाराम कांबळे हे शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. सवर्णांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना अमानुष मारहाण झाली. हे कळल्यावर महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंदा काढायला सांगितले. त्यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल काढले, त्याचे नाव ‘सत्यसुधारक’. गिऱ्हाईक अर्थातच फिरकेना. अस्पृश्याच्या हातचा चहा पिणार कोण? तेव्हा महाराज स्वतः गाडी हॉटेलासमोर थांबवून चहा मागवत, तो भर रस्त्यात पीत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. पुढे सोडावॉटरचे यंत्र घेण्यासही त्यांनी साहाय्य केले.

या प्रसंगाकडे आपण सहसा समतेचा दृष्टान्त म्हणून पाहतो. तो तसा आहेच. पण धंद्याच्या बाजूने पाहिले तर त्यातील व्यवहारज्ञान चकित करणारे आहे. गंगारामांची अडचण भांडवलाची नव्हती. दुकान होते, चहा होता, कसब होते. बाजारच बंद होता, आणि तो बंद करणारी माणसे त्याच गावची होती. अशा वेळी कितीही पैसे दिले असते, तरी ते किटलीतल्या चहाबरोबर निवून गेले असते. महाराजांनी ओळखले की येथे उणीव पहिल्या गिऱ्हाइकाची आहे, आणि ते गिऱ्हाईक असे हवे की त्याच्यामागून येण्यात इतरांना कमीपणा वाटू नये. १९०२ मध्ये संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखण्याचा हुकूम त्यांनी काढला होता, १९१९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळण्यास मनाई केली. परंतु हुकुमाने दार उघडते, आत येऊन बसणारा माणूस मिळत नाही. त्यासाठी कप हातात धरावा लागतो.

महाराज १९२२ मध्ये निवर्तले. त्यानंतर कोल्हापुरात त्यांचे स्मारक उभारण्यात ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत गंगाराम कांबळे आणि त्यांचे दलित बांधव अग्रभागी होते. आधार घेणाऱ्याने आधार देणाऱ्याची आठवण राखली, याचे इतके ठसठशीत उदाहरण आपल्याकडच्या चरित्रवाङ्मयात विरळाच.

तिन्ही उत्तरे शेजारी ठेवली की काही गोष्टी स्पष्ट होतात. तळेगावने विद्या दिली, औंधने जागा आणि कर्ज दिले, कोल्हापूरने गिऱ्हाईक दिले. तिन्हींत समान होती ती एकच गोष्ट : देणाऱ्याने स्वतःचेही काही पणाला लावले होते. वर्गणीसाठी डबा फिरवणाऱ्या काळ्यांनी आपली पत, नव्याने गादीवर आलेल्या पंतप्रतिनिधींनी आपला विवेक, आणि शाहू महाराजांनी आपली सामाजिक प्रतिष्ठा. उद्योग फसला असता, तर हसू त्यांचेही झाले असते. कोरडी शिफारस आणि खरा आधार यांतील अंतर बहुधा येथेच असावे.

स्वातंत्र्योत्तर काळात हे काम संस्थांकडे गेले, आणि ते योग्यच झाले. १९७८ पासून जिल्हा उद्योग केंद्रे आली, २०१५ मध्ये तारणाशिवाय लहान कर्ज देणारी मुद्रा योजना आली, २०१६ मध्ये स्टार्टअप इंडिया आले. राजाच्या ओळखीवर अवलंबून राहण्यापेक्षा नियमाने मिळणारे कर्ज केव्हाही बरे. तो गुणी, अज्ञात लोहार निदान अर्ज तरी करू शकतो. पण योजनेचा कागद गिऱ्हाईक होऊ शकत नाही. गावातल्या मुलाने काढलेल्या दुकानातून पहिली खरेदी करणे, कारखान्याने आपल्या परिसरातील नवख्याला पहिली ऑर्डर देणे, महाविद्यालयाने आपल्याच माजी विद्यार्थिनीकडून छपाई करून घेणे, ही कामे आजही कोणातरी माणसालाच करावी लागतात.

साहित्याच्या अभ्यासकांकडे यातला एक लहानसा वाटा येतो. चरित्र आणि आत्मचरित्र हे वाङ्मयप्रकार आपण वर्गात शिकवतो. समोर बसलेल्या मुलांपैकी अनेकांना पदवीनंतर नोकरी मिळणार नाही आणि ती काहीतरी धंदा पाहतील, हे आपल्याला ठाऊक असते. ‘शून्यातून विश्व’ ही कथा आपण त्यांना जशीच्या तशी दिली, तर अपयश आल्यावर ती मुले दोष केवळ स्वतःला देतील. नायकाने एकट्याने केले, मला जमले नाही, एवढाच निष्कर्ष त्यांच्या हाती उरेल. म्हणून अशी चरित्रे वाचताना पहिल्या प्रकरणापाशी थोडे थांबावे. जमीन कोणाची होती, ती रेल्वेपासून किती दूर होती, पहिला माल कोणी घेतला, रात्री राखण कोण करीत होते आणि त्याला आडनाव आहे की नाही, हे प्रश्न विद्यार्थ्यांना विचारावयास लावावेत. लक्ष्मणरावांचे कर्तृत्व त्यामुळे तिळभरही उणे होत नाही. ते कोणत्या मातीत उगवले, एवढे मात्र कळते.