कापड किती, खळ किती?

ज्यांनी हा भाग ऐकलाय त्यांना मधेमधे एक आवाज ऐकू आला असेल, "अगं, तसं नव्हतं ते." ती माझी आजी. एडिट करताना तो आवाज काढावा असं ठरवलं होतं, पण बहुतेक वेळा तिचंच बरोबर निघालं, म्हणून ठेवला. ज्यांना वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा भाग थोडा नीटनेटका करून इथे देतेय.

सुरुवात माझ्या फजितीपासून. ताईला बाळ झालं आणि मी ठरवलं, दुपटं आपण हाताने शिवायचं. व्हिडिओ बघून धावदोरा शिकले. कापड घ्यायला गेले तर एका दुकानात 90 रुपये मीटर, छान कडक, हातात घेतलं की भरल्यासारखं वाटणारं. दुकानदार म्हणाला, "प्युअर कॉटन, ताई. वजन बघा की!" मी वजन बघितलं आणि घेतलं. सतरा रात्री जागून दुपटं पूर्ण केलं. पहिल्या धुण्यात ते मशीनमधून बाहेर आलं तेव्हा मच्छरदाणीसारखं लुळं झालं होतं, आणि जिथे टाके जवळजवळ होते तिथे धागे सरकून कापड उसवलं होतं.

आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, "कापड घेतलंस की खळ घेतलीस?"

खळ म्हणजे कापडाला लावलेली कांजी. आता गंमत अशी, की माझे आजोबा परळच्या एका गिरणीत सायझिंग खात्यात होते. म्हणजे आयुष्यभर त्यांनी खळ लावायचंच काम केलं. त्यामुळे आमच्या घरात खळीबद्दल वाईट बोलायची पद्धत नाही, आणि खरं तर ती वाईट नाहीच. मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, सतत ताणलेले असतात आणि फणीत घासले जातात. नुसता कापसाचा धागा तिथे तुटत राहील. म्हणून विणायच्या आधी ताण्याला पिठाची खळ आणि थोडी चरबी लावून धागा गुळगुळीत करायचा. विणून झालं की ती धुऊन काढायची. एवढाच खळीचा खरा धर्म.

भानगड सुरू झाली ती खळ धुवायची सोडून विकायला लागल्यावर.

1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस लँकेशायरला पोचेना. आपल्याकडे मुंबईत त्या काळात कापसाच्या भावाने लोक रातोरात श्रीमंत झाले आणि युद्ध संपल्यावर रातोरात बुडाले, ते आपण शाळेत वाचलंय. पण त्याच वेळी इंग्लंडच्या गिरण्यांत काय चाललं होतं? कापूस महाग झाला, तर कापसाऐवजी वजन कशाने भरायचं? चिनी मातीने. कॉर्नवॉलच्या खाणीतली, कपबश्या करायची ती पांढरी माती खळीत मिसळायची. युद्ध संपलं, कापूस परत आला, पण माती काही गेली नाही. त्या धंद्यात हलकी, मध्यम आणि भारी खळ असे रीतसर दर्जेच झाले होते. भारी खळीच्या कापडात कापसाच्या वजनाइतकी, कधी त्याहूनही जास्त खळ असायची. म्हणजे एक शेर कापड घ्या, अर्धा शेर माती घरी आणा.

हे कापड जायचं कुठे? बरंचसं हिंदुस्थान आणि चीनमध्ये. आणि जहाजाच्या दमट पोटात आठवडेच्या आठवडे पडून राहिलं की पिठाला बुरशी लागायची, गाठोडी उघडली की काळे डाग. मग बुरशी लागू नये म्हणून खळीत झिंक क्लोराइड घालायला लागले. एका लबाडीला दुसरी रसायनं जोडायची, असं चाललं. मातीची धूळ गिरणीतल्या विणकरांच्या छातीतही जात होती. यॉर्कशायर आणि लँकेशायरच्या हद्दीवरच्या टॉडमॉर्डन गावात विणकरांनी तक्रार केली आणि 1872 मध्ये सरकारी डॉक्टरने येऊन चौकशी केली. हे वाचताना मला कसंतरीच झालं. ज्याने विणलं त्याच्या फुप्फुसात माती, ज्याने विकत घेतलं त्याच्या धुण्याच्या दगडावर माती, आणि पैसे मधल्याच कुणाच्या तरी खिशात.

गिऱ्हाईक काय करणार? गिऱ्हाईक इंग्रजी वाचू शकत नव्हतं. त्याच्यासाठी ताग्यावर रंगीत चित्राचं तिकीट चिकटवलेलं असायचं, कधी देवी, कधी हत्ती, कधी राजा. मागच्या वेळी हत्तीछाप चांगलं निघालं तर पुन्हा हत्तीछापच मागायचं. आज आपण ॲपवर स्टार बघतो, त्याचंच हे जुनं रूप. आणि हत्तीसारखा दुसरा हत्ती छापणारेही होतेच.

सरकारने अधूनमधून शिक्के मारायला लावले. मला या शिक्क्यांचं फार कुतूहल वाटतं, कारण प्रत्येक शिक्का सांगतो की त्या काळात गिऱ्हाइकाला कशात फसवत होते. 1889 च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने ताग्यावर लांबी वारात, इंग्रजी आकड्यांत, ठळक छापायची सक्ती केली. म्हणजे लांबीत चोरी होत होती. पुढे स्वदेशी आली, पुण्यात 1905 मध्ये विदेशी कापडाची होळी झाली, मग गांधीजींची खादी. खादीला मागणी आली तशी गिरण्यांनी जाडंभरडं कापड काढून 'खद्दर' म्हणून विकायला सुरुवात केली. म्हणून 1934 चा कायदा, की हाताने कातलेलं आणि हाताने विणलेलं असेल तरच खादी किंवा खद्दर म्हणायचं. म्हणजे नावात चोरी होत होती. मग दुसरं महायुद्ध. कापड लष्कराला जाऊ लागलं, बाजारात भाव भडकले, आणि 1943 मध्ये कापड आणि सूत नियंत्रणाचा आदेश आला. आता ताग्यावर किंमतच छापायची.

"आमच्या आईला तो शिक्का आठवायचा," आजी म्हणते. "पण शिक्क्याच्या भावाला कापड मिळायचं कुणाला? दुकानदार म्हणायचा, संपलं. आणि मागच्या दाराने दुपटीने द्यायचा."

1964 मध्ये पुन्हा तसंच काहीसं आलं, 'कंट्रोलचं कापड'. गिरण्यांनी धोतर, साडी, लाँगक्लॉथ, शर्टिंग आणि ड्रिल हे पाच प्रकार ठरलेल्या स्वस्त भावात काढायचे. गिरण्यांना त्यात तोटा होता, मग बचत कुठे करणार? आजोबा सांगायचे की कंट्रोलच्या मालाला आडवे धागे कमी बसायचे. त्याचं कारण साधं आहे. माग एका मिनिटाला ठरावीक आडवे धागे टाकतो. इंचात साठऐवजी पंचेचाळीस टाकले तर तेवढ्याच वेळात तिसऱ्या हिश्श्याने जास्त कापड बाहेर येतं. सूतही वाचतं, वेळही वाचतो. विरळ दिसू नये म्हणून वर खळ आहेच.

बघा, लांबीचा शिक्का झाला, नावाचा झाला, किमतीचा झाला. धुतल्यावर किती कापड उरेल, ते यातला एकही शिक्का सांगत नव्हता.

ते सांगणारी जागा एकच होती, आणि ती म्हणजे घरातली गोधडी. आजीच्या साताऱ्याकडे वाकळ म्हणतात. वाकळ नव्या कापडाची कधीच नसायची. नऊवारी लुगडं दोन-तीन वर्षं नेसायचं, दगडावर आपटून धुवायचं, मग ते घरात नेसायला, मग त्याची वाकळ. तोवर खळ कधीच ओढ्याला मिळालेली. जे कापड कच्चं होतं ते वाटेतच फाटून त्याचं फडकं झालेलं. वाकळीपर्यंत पोचलेलं कापड म्हणजे शेकडो परीक्षा पास झालेलं कापड. आणि आठ-दहा वर्षांत वाकळी शिवणाऱ्या बाईला न शिकवता कळायचं की कोणत्या दुकानाचं लुगडं इथवर येतं आणि कोणतं येत नाही. पुढच्या खरेदीला ती नेमकं तेच दुकान धरायची. दुकानातून नवंकोरं कापड आणून गोधडी शिवायची, ही कल्पनाच आजीला अजून विचित्र वाटते. "न नेसलेल्या कापडाची खात्री कोण देणार?" असं तिचं म्हणणं.

मला मात्र तीन वर्षं थांबायला वेळ नव्हता. म्हणून मी तीन ठिकाणचं कापड आणलं आणि आजोबांच्या पद्धतीने तपासलं. ते 90 रुपयांचं, दुसरं एका जुन्या पेठेतल्या दुकानातलं 120 चं, आणि तिसरं ॲपवरून मागवलेलं, 'क्विल्टिंगसाठी खास', 180 चं.

पहिली गोष्ट पन्हा. 90 वाल्याचा पन्हा 36 इंच, बाकी दोघांचा 44. दुकानदार मीटरचा भाव सांगतो, पन्हा आपण विचारल्याशिवाय सांगत नाही. मग प्रत्येकाचा 50 बाय 20 सेंटीमीटरचा तुकडा कापला, म्हणजे बरोबर चौरस मीटरचा दहावा भाग, आणि सोनाराकडे असतो तसल्या छोट्या काट्यावर तोलला. 90 वाला 13.1 ग्रॅम, 120 वाला 12.4, ॲपवाला 12.5. दुकानदार खोटं बोलला नव्हता, वजनात तोच भारी होता!

मग तिन्ही तुकडे गरम पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवले, चोळून धुतले, वाळवले आणि पुन्हा तोलले. 90 वाला 10.2. 120 वाला 12.0. ॲपवाला 12.1. स्वस्त कापडाचं पाचव्या हिश्श्याहून जास्त वजन बादलीत होतं.

आता हिशेब करा. पन्हा धरून आणि धुतल्यानंतरचं वजन धरून, 100 ग्रॅम खऱ्या कापडाला पहिल्या दुकानात मी मोजले 96 रुपये. पेठेतल्या दुकानात 89. ॲपवर 133. म्हणजे सगळ्यात स्वस्त वाटलेलं कापड सगळ्यात स्वस्त नव्हतंच. आणि महागाचं वाईट नव्हतं, त्याचा रंग अजिबात गेला नाही, पेठेतल्या लाल रंगाने मात्र बादली गुलाबी केली. पण कापड म्हणून पाहिलं तर दोघांत अर्ध्या ग्रॅमचाही फरक नाही. उरलेले पैसे छपाईचे, डब्याचे आणि 'खास' या शब्दाचे.

तुम्हाला काट्याची गरज नाही, फोन पुरे. पुठ्ठ्याला एक इंचाची चौकोनी खिडकी कापा, कापडावर ठेवा, जवळून फोटो काढा आणि मोठा करून धागे मोजा. माझ्या 90 वाल्यात उभे 60 आणि आडवे फक्त 44 निघाले. पेठेतल्यात 68 आणि 64. उभ्या-आडव्यात एवढी तफावत असली की टाक्याजवळ कापड सरकणारच. दुकानात उभ्या उभ्या करायचं तर कोपरा दोन्ही हातांत धरून कपडे चोळतो तसा चोळा. पांढरी भुकटी पडली, किंवा चोळलेली जागा एकदम मऊ आणि विरळ झाली, तर समजा. घरी टिंक्चर आयोडिन असेल तर एक थेंब टाका, पिठाची खळ असेल तर निळंकाळं होईल. मातीची खळ मात्र त्याला फसत नाही, तिथे पुन्हा धुणंच. पॉलिएस्टरची शंका असेल तर एक धागा जाळा. कापूस कागदासारखा जळून मऊ राख होते, पॉलिएस्टरची टणक गोळी होते.

आणि एक मीटर आधी घ्या, धुवा, मगच बाकीचं घ्या. हे मला सांगायला हवं होतं कुणीतरी.

1982 च्या संपानंतर आजोबांची गिरणी पुन्हा धड चालली नाही. ते गावी परतले ते बरोबर एक ट्रंक घेऊन. तिच्यात गिरणीच्या दुकानातले कटपीस होते, लाँगक्लॉथचे, आजीने कधीच न शिवलेले. मागच्या महिन्यात मी दुसरं दुपटं करायला घेतलं तेव्हा वरच्या बाजूला पेठेतलं कापड लावलं, तीन वेळा धुऊन. अस्तराला आजीने त्यातला एक कटपीस काढून दिला. चाळीस वर्षांची घडी, काठावर अर्धवट पुसलेला जांभळा शिक्का.

मी विचारलं, "आजी, हा धुवायला टाकू ना आधी?"

"टाक," ती म्हणाली. "खळ त्यांनीच लावलेली असेल. पण धुऊनच घे."

पाणी थोडं गढूळ झालं. कापड छान निघालं.