लिलाव, मेणबत्ती आणि एक शेरा

चौतीस वर्षं मी मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहिले. निवृत्त झाल्यावर, साठाव्या वर्षी, एका अनोळखी माणसाने मला शेरा दिला. तोही ‘उत्तम’ नव्हे, ‘मध्यम’! त्याचीच ही गोष्ट. पण इतिहासाची बाई गोष्ट सरळ थोडीच सांगणार? आधी जरा मागे जाऊया.

‘लिलाव’ हा शब्द आपल्याला पोर्तुगिजांनी दिला. त्यांचा ‘लेइलांव’, आपला लिलाव. जुन्या कागदांत ‘हर्रास’ हाही शब्द भेटतो. शब्द कुठलाही असो, प्रकार फार जुना. इ. स. 193 मध्ये रोमच्या शाही रक्षकांनी आपल्याच सम्राटाला ठार केलं आणि चक्क साम्राज्याचा लिलाव मांडला. दिदियस ज्युलियानसने दर शिपायाला 25,000 सेस्टर्स कबूल करून तो जिंकला. दोनेक महिन्यांत त्याचंही मुंडकं उडालं. विकणाऱ्यांकडे तो माल विकायचा अधिकारच नव्हता, हे बोली लावताना कोण बघतो?

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेणबत्तीचा लिलाव चाले. मेणबत्तीचा तुकडा पेटवायचा आणि तो विझण्याआधीची शेवटची बोली खरी धरायची. सॅम्युएल पेपीस या रोजनिशीकाराने 1662 मध्ये अशा लिलावातल्या एका हुशार माणसाची युक्ती नोंदवून ठेवली आहे. ज्योत विझायच्या क्षणी धूर खाली वळतो, तो दिसला की हा गडी बोली लावायचा! पुढे संगणकावर शेवटच्या सेकंदाला बोली लावणारे मी पाहिले, तेव्हा मला हाच आठवला.

पण या लिलावांत माल समोर असे आणि विकणाराही समोर असे. माणूस आणि वस्तू दोन्ही दिसत नसतील तर? हा प्रश्न 1995 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियातल्या पिएर ओमिड्यार या 28 वर्षांच्या तरुणापुढे आला. त्याने ‘ऑक्शनवेब’ नावाचं लिलावाचं पान सुरू केलं. तेच पुढे ‘ईबे’ झालं. भावी पत्नीला गोळ्यांच्या डब्या जमवायचा छंद होता म्हणून त्याने हे केलं, अशी कथा खूप वर्षं सांगितली जायची. ती प्रसिद्धीसाठी रचलेली होती, हे नंतर कबूल करण्यात आलं. खरी गोष्ट जास्त गोड आहे. तिथे पहिल्यांदा विकला गेला तो एक बिघडलेला लेझर पॉइंटर, 14.83 डॉलरला. ओमिड्यारने घेणाऱ्याला मुद्दाम विचारलं, “तो मोडका आहे, कळलंय ना?” उत्तर आलं, “मी मोडकेच जमवतो.”

पुढे तक्रारी वाढल्या. प्रत्येक भांडण आपण कुठवर सोडवणार? म्हणून 1996 च्या फेब्रुवारीत त्याने लोकांनाच एकमेकांवर शेरे लिहायला सांगितलं : चांगला, मध्यम, वाईट. बहुतेक माणसं प्रामाणिक असतात, हा त्याचा विश्वास. मला वाटतं, त्या धंद्याचा खरा पाया हाच. शेजारीपाजारी वाण्याला उधारी मिळते ती ओळखीवर. इथे ओळखीच्या जागी शेरे आले.

आपल्याकडे 2000 साली ‘बाझी डॉट कॉम’ आलं. 2004 मध्ये ते ईबेने सुमारे पाच कोटी डॉलरला घेतलं. 2010 मध्ये माझ्या भाच्याने मला त्यावर खातं उघडून दिलं. “मावशी, काकांची तिकिटं नुसती पडून आहेत. पेन्शनला जोड होईल.” हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. अल्बमला हात लावायला मन घेत नव्हतं. पण वाळवी लागण्यापेक्षा कुणाच्या तरी हौसेला लागलेली बरी, असं म्हणून बसले.

उजेडात फोटो काढायचा, वर्णन लिहायचं, मूळ किंमत ठरवायची, सात दिवस वाट बघायची. घेणाऱ्याने भरलेले पैसे ‘पैसापे’मध्ये थांबून राहायचे आणि माल पाठवल्यावर मग माझ्या खात्यात यायचे. साइटचं कमिशन आणि टपालखर्च आधीच हिशेबात धरायचा, हे पहिल्याच विक्रीत शिकले. त्यात माझे जेमतेम चहापुरते पैसे सुटले होते!

तिसरी विक्री 1974 च्या शिवराज्याभिषेक त्रिशताब्दीच्या तिकिटाच्या फर्स्ट डे कव्हरची. मागच्या बाजूला तांबूस डाग होते. मी फोटो पुढच्याच बाजूचा दिला आणि लिहिलं, ‘उत्तम स्थितीत’. खोटं बोलले का? नाही. खरं सांगितलं का? तेही नाही. कव्हर पोचल्यावर त्या गृहस्थांनी अतिशय सभ्य भाषेत विचारलं, “मॅडम, डाग आधी सांगायला काय हरकत होती?” कॉपी करताना पकडलेल्या मुलासारखं झालं मला. पैसे परत केले. शेरा मात्र त्यांनी ‘मध्यम’च दिला. योग्यच दिला.

त्यानंतर प्रत्येक वस्तूच्या वर्णनात मी दोष आधी लिहू लागले. गंमत म्हणजे बोली कमी झाली नाही. लोक निर्धास्त झाले असावेत. वर्षाकाठी फार काही हाती लागत नव्हतं, पण ह्यांची तिकिटं त्यांच्यासारख्याच वेड्या माणसांकडे गेली, याचं समाधान मोठं होतं.

14 ऑगस्ट 2018 ला ईबेचं भारतातलं ते दुकान बंद झालं. माझे सगळे शेरे त्याबरोबर गेले. आज कुणी विचारलं की ऑनलाइन विकायला सुरुवात कशी करू, तर मी सांगते, आधी वस्तू उलटी करून बघ आणि मागची बाजू लिहून काढ.

ते डागाळलेलं कव्हर त्या गृहस्थांनी स्वतःच्या खर्चाने परत पाठवलं होतं. ते मात्र मी पुन्हा विकायला काढलं नाही. अल्बममध्ये आहे, मागची बाजू वर करून.