बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रिया आणि गर्भाशय शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
भारतातील ग्रामीण स्त्रीच्या आरोग्याचा इतिहास बहुधा प्रसूती आणि कुटुंबनियोजन या दोन विषयांभोवतीच लिहिला गेला. प्रसूती आटोपली, नसबंदी झाली की शासनदरबारी त्या स्त्रीचे प्रजनन आरोग्य जणू संपले. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये उघडकीस आलेला प्रश्न या दृष्टीचीच परिणती होय, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

स्थलांतराची पार्श्वभूमी :
प्रवरानगर येथे १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला आणि पुढे पश्चिम महाराष्ट्रात ऊस फोफावला. त्याच्या तोडणीसाठी मजूर मिळाले ते बालाघाटाच्या अवर्षणप्रवण डोंगरपट्ट्यातून. १९७२ च्या दुष्काळानंतर हे हंगामी स्थलांतर अधिकच रूढ झाले. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती 'कोयत्या'ला. येथे कोयता म्हणजे पती-पत्नीची जोडी. त्यामुळे पत्नी आजारी पडली तरी काम जोडीचे थांबते, आणि 'खाडा' म्हणून होणाऱ्या कपातीमुळे उचल फिटण्याऐवजी अंगावर राहते. कारखान्याच्या हजेरीपटावर नाव नसल्याने १९६१ चा मातृत्व लाभ कायदा या स्त्रीपर्यंत व्यवहारात पोहोचलाच नाही.

आजार आणि उपचार :
पालांवर शौचालय नाही, पाण्याची टंचाई, पहाटेपासून मोळ्या वाहणे, मासिक पाळीतही विश्रांती नाही. अशा परिस्थितीत अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे व अतिरक्तस्राव या तक्रारी वाढल्यास नवल नाही. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्येच दाखवून दिले होते की, त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. पूर्वी तपासणी झालेल्या मात्र जेमतेम ८ टक्के होत्या. १९९४ च्या कैरो परिषदेने प्रजनन आरोग्य हा व्यक्तीचा हक्क मानला आणि १९९७ मध्ये भारतात प्रजनन व बालआरोग्य कार्यक्रमही सुरू झाला. परंतु उसाच्या फडात ना तपासणी पोहोचली, ना साधे औषध. ही पोकळी खासगी शस्त्रक्रियागृहांनी भरून काढली. लहान वयात विवाह, लवकर अपत्ये आणि नसबंदी झालेल्या स्त्रीला 'पिशवी काढून टाका' हा सल्ला कर्करोगाच्या भीतीने आणि खाडा टळेल या आशेने पटू लागला.

चौकशी आणि तिची फलश्रुती :
डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली २०१९ मध्ये नेमलेल्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, जिल्ह्यातील पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. म्हणजे सुमारे १७ टक्के. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये देशाची सरासरी ३ टक्क्यांच्या आसपास होती. दोन्ही पाहण्यांची पद्धत वेगळी असली तरी ही तफावत दुर्लक्षिता येण्याजोगी नाही. त्याच वर्षी जिल्हा प्रशासनाने अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी आवश्यक केली. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याच्या मार्गदर्शक सूचना राबविण्याचे निर्देश राज्यांना दिले.

समारोप :
परवानगीची अट शस्त्रक्रियेला आळा घालू शकते, वेदनेला नाही. अंडाशयेही काढली गेल्यास अकाली रजोनिवृत्ती येते, हाडे ठिसूळ होतात. आणि ज्या श्रमासाठी पिशवी काढली, तेच श्रम पुढे झेपेनासे होतात. यास्तव फडावर नियमित तपासणी, शौचालय व पाणी, आजारपणात मजुरीसह रजा आणि कामगार म्हणून स्त्रीची स्वतंत्र नोंद हे उपाय परवानगीच्या आधीचे आहेत. शासनाने गर्भाशयाकडे लोकसंख्येचा प्रश्न म्हणून पाहिले, तर मुकादमीने कामातील अडथळा म्हणून. ते एका कष्टकरी स्त्रीच्या शरीराचा भाग आहे, ही साधी गोष्ट दोन्हीकडे विसरली गेली, हेच या इतिहासातून दिसून येते.