एका शब्दाच्या निर्णयावर भाष्य

मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, या वादात ५ जून २००१ चा व्हॅटिकनचा निर्णय नेहमी पुढे केला जातो. कार्डिनल रॅट्झिंगर यांची त्यावर सही आहे आणि पोप दुसरे जॉन पॉल यांची संमती. एक प्रश्न आणि एका शब्दाचे उत्तर, एवढाच त्याचा मजकूर. त्याचा आशय पदशः पाहू.

मॉर्मन म्हटल्या जाणाऱ्या मंडळीने...
जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात स्थापलेली ही मंडळी. तिच्या अधिकृत नावात येशू ख्रिस्त आहे. तो देवाचा पुत्र, क्रुसावर मेला, पुन्हा उठला, तोच तारणारा, ही तिची श्रद्धा आहे.

...दिलेला बाप्तिस्मा...
पाणी आहे, पूर्ण बुडवणे आहे, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची नावेही आहेत. अडते ते या नावांनी कोणाला हाक मारली जाते तिथे. इ.स. ३२५ च्या निकीया परिषदेने पुत्राला पित्याशी एकतत्त्व ठरवले. स्मिथ यांच्या शिकवणुकीत पित्याला मांस-हाडांचे शरीर आहे, पुत्र त्याच्याहून वेगळा आहे. तिघे एकचित्त आहेत, एकतत्त्व नाहीत. देव एके काळी मनुष्य होता, असेही स्मिथ यांनी १८४४ च्या प्रवचनात सांगितले. हा फरक तपशिलाचा नाही, देवाच्या स्वरूपाचाच आहे.

...ग्राह्य आहे काय?
डोनाटिस्ट या फुटीर पंथाशी वाद घालताना संत ऑगस्टीन यांनी अशा पंथाने दिलेला बाप्तिस्माही खरा मानला. त्याच परंपरेने रोम लुथरन आणि मेथडिस्टांचा बाप्तिस्मा स्वीकारते. त्यामुळे इथला नकार फार जड आहे. पण मॉर्मन मंडळीही इतर कोणाचाच बाप्तिस्मा मानत नाही. प्रेषितांनंतर लोपलेला अधिकार स्मिथ यांच्याद्वारे परतला, असा तिचा दावा आहे. निकीयाची चौकट तिने स्वतःहून नाकारली, हे तिच्या कैवाऱ्यांनीही स्पष्ट बोलावे.

नाही.
हा नकार बाप्तिस्म्यापुरता आहे. मॉर्मन ख्रिस्ती आहेत का, हे इथे विचारलेलेच नाही. या निर्णयातून तसे उत्तर काढणे म्हणजे मजकूर ताणणे. पुत्राला पित्याशी एकतत्त्व न मानणाऱ्या एरियसची शिकवण निकीयाने धिक्कारली, तरी ती मानणाऱ्या गॉथ लोकांना इतिहासकार ख्रिस्तीच म्हणतात. तोच न्याय मी मॉर्मनांना लावतो: ख्रिस्ती, पण निकीयाबाहेरचे. रोमच्या दृष्टीने मात्र कॅथलिक होऊ पाहणाऱ्या मॉर्मनाचा बाप्तिस्मा अजून व्हायचाच असतो. लुथरनाचा झालेला असतो.