वाटीभर केकची हकीकत

वसई स्टेशनाबाहेर, नालासोपाऱ्यास, विरारला, कोठेही जा, काचेच्या कपाटात कागदी वाटीतले लहान लहान केक ओळीने मांडलेले दिसतात. वर मलईचा उंच मुकुट, त्यावर रंगीत दाणे किंवा चॉकलेटचा कीस. मुली त्यांना कपकेक म्हणतात आणि एकेकाची किंमत ऐकून आमच्या वयाच्या बायका कपाळाला हात लावतात. ‘ही नवी थेरं’ असे एक वाक्य त्यावर ठरलेले असते. परंतु भगिनींनो, हा पदार्थ नवा नाही, आणि आपल्या वसईला भट्टी तर मुळीच नवी नाही. नवे एवढेच आहे, की तो आपल्या घरात आला. त्याला इतकी वर्षे का लागली, ते सांगण्यासारखे आहे.

आधी नावाकडे पाहू. कप म्हणजे आपली वाटी. अमेरिकेत 1796 साली अमेलिया सिमन्स नावाच्या बाईने पाककृतींचे पुस्तक छापले. पुस्तकाच्या पहिल्या पानावर तिने स्वतःची ओळख ‘एक अमेरिकन अनाथ’ एवढीच दिली आहे. त्यात लहान पेल्यांत भाजण्याच्या हलक्या केकची कृती आहे. पुढे 1828 साली फिलाडेल्फियाच्या एलायझा लेस्ली यांनी आपल्या पुस्तकात ‘कप केक’ हे नाव वापरले. त्याआधी केक म्हटला म्हणजे तराजू हवा. पौंडभर पीठ, पौंडभर लोणी, पौंडभर साखर. गरीब घरात तराजू कोठून असणार? पेला मात्र असतो. एक पेला लोणी, दोन पेले साखर, तीन पेले पीठ आणि चार अंडी, असे एक-दोन-तीन-चारचे प्रमाण तिकडच्या बायकांच्या तोंडी बसले. लहान भांड्यात भाजण्याचेही कारण साधेच होते. लाकडाच्या चुलीची आच सारखी नसते. मोठा केक बाहेरून करपतो आणि आतून कच्चा राहतो, लहान केक झटपट सुटतो.

आपल्याकडे कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ 1970 साली निघाले, ते घरोघर गेले याचे एक मोठे कारण हेच, की त्यातली मापे वाटी-चमच्याची होती. शेर-छटाक गेले, किलो-ग्रॅम अंगवळणी पडायचे होते आणि नवी सून परगावी एकटी संसार मांडत होती. तिला वाटीने हात दिला. तेव्हा आज ज्याला बड्या दुकानांत मानाची जागा मिळाली आहे तो केक मुळात तराजू नसलेल्या स्वयंपाकघरातला आहे, हे ध्यानात ठेवून पुढे जाऊ.

आता वसईकडे वळू. गुजराथच्या बहादुरशहाने 1534 सालच्या तहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजीअप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशेहून अधिक वर्षे किल्ल्यात पोर्तुगीज सरदार, धर्मगुरू आणि शिपाई नांदले. जेथे पोर्तुगीज तेथे पाव. हा शब्दच आपण त्यांच्याकडून घेतला, जसे बटाटा, अननस, काजू, चावी, पगार आणि घमेले घेतले. त्यांच्या देशातले खमीर येथे मिळेना, तेव्हा गोव्यात पीठ ताडीने फुगवण्याची युक्ती निघाली. ताडामाडांची उणीव तर वसईलाही कधीच नव्हती.

गोव्यात त्या काळापासून रवा आणि ओले खोबरे घालून केलेला बाथ हा केक चालत आला आहे. आपल्या उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांतला थाळी स्वीट त्याचाच भाऊबंद. रवा, नारळ, अंडी, साखर आणि ऐपतीप्रमाणे बदाम. शेगडीवर पातेले, पातेल्यावर झाकण, झाकणावर निखारे. खाली विस्तव आणि वर विस्तव, हीच त्या घरांतली भट्टी. पाठारे प्रभूंच्या घरी भानोले ह्याच रीतीने होत असे, म्हणजे ही युक्ती एका धर्माची वा जातीची नव्हती. नाताळात वसईच्या वाड्यांतून फुगे, कुलकुल, करंज्या आणि केक यांची ताटे शेजारी जातात. त्या भगिनी घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलतात आणि आपल्याइतक्याच मराठी आहेत. मग त्यांची भट्टी आणि आमची चूल यांच्यात फक्त एक कुंपण असताना केकला ते ओलांडायला इतका काळ का लागला?

कारण पदार्थ नव्हे, हात. विहिरीत पावाचा तुकडा टाकून गावेच्या गावे बाटवली, ही गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. तशी ती घडली की नाही हा वाद विद्वानांनी करावा. पण पाण्यात पाव पडल्याने धर्म जातो हे ऐकणाऱ्यांना पटत होते, यातच सर्व आले. भट्टी कोणाची, पीठ कोणी मळले, त्यात ताडी होती का, अंडे होते का, असे प्रश्न प्रत्येक तुकड्याबरोबर येत.

हे केवळ खेड्यापाड्यांचे अज्ञान होते असे कोणी समजू नये. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली प्रतिष्ठित मंडळी एका सभेस गेली होती. तेथे चहा आणि बिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला हातात धरून खाली ठेवला. गोपाळराव जोशी, म्हणजे आनंदीबाईंचे यजमान, यांनी जाणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रात छापून आणली आणि मोठे ग्रामण्य उभे राहिले. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक हे दोघेही त्या यादीत होते. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. रमाबाई रानडे यांनी 1910 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या आठवणींत त्याची हकीकत दिली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांनी अवश्य वाचावी. चहा पुरुषांनी घेतला खरा, पण ग्रामण्याचा जाच घरात बसलेल्या बायकांना. भटजी येईनासे होत, सणाला सवाष्ण मिळेनाशी होई. एका बिस्किटापायी! पुढे दिल्लीत तर ‘हिंदू बिस्किट कंपनी’ निघाली. बिस्किट खायचे होतेच, फक्त हात आपल्या धर्माचा हवा होता.

ही अढी कोणा एका सुधारकाच्या व्याख्यानाने गेली असे मला वाटत नाही. मला विचाराल तर ती आगगाडीने सैल केली. 12 एप्रिल 1867 रोजी विरारहून बॅकबेपर्यंत लोकल गाडी सुरू झाली आणि वसईची केळी, भाजी, फुले आणि दूध पहाटेच्या गाडीने मुंबईस जाऊ लागले. जाणारा माणूस मुंबईत काही तरी खाणारच. ग्रँट रोड स्टेशनाजवळ 1914 साली बी. मेरवान हे इराण्याचे हॉटेल निघाले. तेथला मावा केक म्हणजे लहान, कागदात बसवलेला, खव्याने जड आणि वेलदोड्याच्या वासाचा. अंडे त्यात होतेच, पण खवा आणि वेलची आपल्या ओळखीची. परका पदार्थ ओळखीचा वास लावून आला म्हणजे दार उघडणे सोपे जाते. सकाळी उशीर झाला तर तो संपलेला असे. पुडक्यात बांधून तो वसईपर्यंत आला आणि ज्या आजी पावाला शिवत नव्हत्या त्यांनी नातवंडांना तो खाऊ दिला. स्वतः खाल्ला की नाही, हे विचारू नये.

कागदी वाटीतला हाच आपला पहिला कपकेक, असे मी म्हणते. नाव तेवढे वेगळे.

दिवाळीपूर्वी मैदा, साखर आणि तूप डब्यात भरून बेकरीत नेण्याचा परिपाठ पुष्कळांना आठवत असेल. पीठ आपले, तूप आपले, भट्टी त्याची. तो मळून, भाजून नानकटाई आणि बिस्किटे पत्र्याच्या डब्यात भरून देई आणि आपण ती ‘घरची’ म्हणून पाहुण्यांना देत असू. मग ॲल्युमिनियमचे, झाकणाला काच असलेले गोल ओव्हन आले. ज्यांच्याकडे ते नव्हते त्यांनी कुकरमध्ये वाळू घालून काम भागवले. डब्यातल्या आटवलेल्या दुधाचा बिनअंड्याचा केक आला आणि गुजराथी व जैन शेजारणींचीही अडचण मिटली. मुंबईच्या फोर्टात दोन इटालियन बंधूंनी नावारूपाला आणलेले मोंजिनी खोराकीवाला कुटुंबाकडे आले आणि त्या नावाची दुकाने उपनगरांतून पसरली. वाढदिवसाला औक्षण आणि केक दोन्ही होऊ लागली. ह्या सगळ्याला दोन पिढ्या पुरल्या.

परदेशातली लाट यानंतरची. न्यूयॉर्कमध्ये 1996 साली मॅग्नोलिया बेकरी निघाली. 2000 साली एका दूरदर्शन मालिकेत तिथला कपकेक खाताना नायिका दिसली आणि दुकानापुढे रांगा लागल्या. 2005 साली बेव्हर्ली हिल्समध्ये केवळ कपकेकचे दुकान निघाले. क्रम्ब्स नावाच्या कंपनीचे भाग तर शेअर बाजारात गेले, आणि 2014 च्या जुलैत तिने आपली सर्व दुकाने एकदम बंद केली. फॅशनची चढण आणि उतरण अशी आठ-दहा वर्षांत आटोपली.

आपल्याकडचे उदाहरण मला अधिक मोलाचे वाटते. मुंबईत कमल मेसमन या पारशी बाई घरून केक व मिठाया करून देत असत. त्यांच्या घराण्याने 2004 साली कुलाब्याला थिओब्रोमा हे लहानसे दुकान काढले, मुली त्यात उतरल्या, आणि 2025 साली त्यातला मोठा हिस्सा दोन हजार कोटी रुपयांहून अधिक किमतीला घेण्याचा करार एका गुंतवणूक कंपनीने जाहीर केला. घरच्या ओव्हनपासून इथवर. प्रत्येकीचे असे होणार नाही, हे सांगायला नको.

वसई-विरारची गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि ज्या लोकलवर आपले सारे शहर जगते ती सामान्यांना बंद झाली. सर्व स्त्रियांना ठरावीक वेळी प्रवासाची मुभा मिळाली ती 21 ऑक्टोबर रोजी. मधल्या सात महिन्यांत ज्यांची दुकानांतली, लहान कचेऱ्यांतली नोकरी गेली त्यांच्यापैकी कित्येकींनी घरचा ओव्हन पुसून पुढे ओढला. मोठा केक कापायला पाहुणे नव्हते. चार लहान केकचे खोके मात्र शेजारच्या इमारतीत सहज पोचे. जिने उतरून मुलगा देऊन येई. आज आपल्या मंडळातही असे काम करणाऱ्या भगिनी आहेत, आणि त्या ख्रिस्ती, ब्राह्मण, आगरी, मुसलमान, गुजराथी अशा सर्व घरांतल्या आहेत. कोणाचा हात, हे आता कोणी विचारत नाही.

परंतु हाताचे मोल काय, हेही कोणी विचारत नाही. मंडळाच्या हळदीकुंकवाला ‘तू करतेसच ना, दोन डझन आण’ असे आपण सहज म्हणतो. समजा, एका बाईने दोन डझन कपकेक केले. मैदा, लोणी, अंडी, साखर, कागदी वाट्या, खोके आणि विजेचे बिल ती मांडते. मिसळायला, भाजायला, थंड व्हायला, मलई लावायला आणि भांडी घासायला निदान चार तास जातात. ते वहीत कोठेच नसतात. चार तास दुसऱ्या कोणाच्या दुकानात काढले असते तर मजुरी मिळाली असती. दुकानातल्या केकची किंमत ऐकून आपण कपाळाला हात लावतो, तेव्हा तिथे भाडे, पगार आणि नफा धरलेला असतो. घरचीने तेवढे घेतले तर ‘घरी तर करतेस’ हे ऐकावे लागते. माझे मत असे आहे की, मंडळाने आपल्या भगिनीकडून जिन्नस घ्यावा तो पूर्ण भावाने, आणि तिनेही तास लिहिण्याची सवय लावावी. आणखी एक. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये घरगुती धंद्यालाही नोंदणी लागते. ती करून घ्यावी; कागद हाती असला म्हणजे भाव सांगताना आवाज खाली जात नाही.

आता आवडीनिवडी. मलईच्या डोंगराचे मला कौतुक नाही. ती बहुधा साखर आणि वनस्पती तूप असते आणि खालचा केक कोरडा असला तरी झाकून जातो. मावा केक माझ्या लेखी पहिला. त्यानंतर नाताळातला थाळी स्वीट, लहान साच्यात केलेला, कडेने लालसर. तिसरा आपल्या वसईच्या केळ्याचा. आगाशीकडच्या राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. त्या जातीचे पिकून काळे पडू लागलेले एक केळे कुस्करून पिठात घातले तर वेगळा स्वाद घालावा लागत नाही.

प्रमाण तेच, एक-दोन-तीन-चारचे. मात्र अमेरिकन पेल्यापेक्षा आपली वाटी लहान असते, म्हणून एक वाटी लोणी, दोन वाट्या साखर आणि तीन वाट्या मैद्याला अंडी तीनच पुरतात. केळ्याची साखर असते, तेव्हा साखरेची दुसरी वाटी पाऊण भरावी. लोणी व साखर आधी फेसून घ्यावी, मग एकेक अंडे, मग केळे. मैद्यात दोन लहान चमचे बेकिंग पावडर चाळून घालावी, अर्धी वाटी दूध. वाट्या दोन-तृतीयांशच भराव्यात. 180 अंशांवर वीस मिनिटांनी सुई घालून पाहावी. कोरडी निघाली की लगेच बाहेर काढून जाळीवर ठेवावे, नाही तर खालचा कागद ओला होतो.