चाळीसगावचा टांगा आणि नदीपलीकडची वस्ती

23 ऑक्टोबर 1929 रोजी चाळीसगाव येथे बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना झालेला अपघात आपल्या समाजाला ज्ञात आहे. अस्पृश्य उतारूस घेऊन टांगा हाकण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला; अखेर टांगा भाड्याने देण्यापुरती तडजोड झाली आणि हाकण्यास आपल्यातीलच एक अननुभवी गृहस्थ बसले. ही हकीकत व्याख्यानांतून नेहमी सांगितली जाते. परंतु बाबासाहेबांना त्या दिवशी जावयाचे कोठे होते, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

मुंबई सरकारने 1928 साली नेमलेल्या स्टार्ट समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशच्या दोन्ही जिल्ह्यांत फिरले होते. चाळीसगावला उतरून धुळे लोहमार्गावरील एका खेड्यातील सामाजिक बहिष्काराची चौकशी त्यांनी केली व पुढील गाडीने ते परतले. स्थानिक मंडळींच्या आग्रहावरून मुक्काम ठरला तो महारवाड्यात. हा महारवाडा स्टेशनापासून सुमारे दोन मैलांवर, नदीच्या पैलतीरी होता. वाटेतील फरशीपुलास कठडे नव्हते, कडेने अंतराअंतरावर केवळ दगड बसविलेले होते. अशाच एका दगडावर चाक आदळले. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि गाडी नदीत कोसळली. त्यांच्या पायाचे हाड मोडले.

टांगेवाल्यांचा नकार त्या दिवसापुरता होता; वस्तीची जागा मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. टांगा मिळाला असता तरी तो नदीपलीकडेच जाणार होता. गावगाड्याने माणसाला कामासाठी आत घेतले आणि निवाऱ्यासाठी बाहेर ठेवले. बहिष्काराची चौकशी करणाऱ्याची वाटही त्याच व्यवस्थेने आखलेली असावी, याकडे दुर्लक्ष करता येत नाही.

त्यापूर्वी 1917 साली, ज्या संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर त्यांनी परदेशी शिक्षण घेतले, त्या बडोद्यात त्यांना पारशी नाव धारण करून पारशी धर्मशाळेत राहावे लागले होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला. एक हिंदू व एक ख्रिस्ती असे दोन मित्र होते. दोघांकडेही आसरा मिळाला नाही. काही तास कामाठी बागेत बसून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली.

पाली वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे चुल्लवग्गातील सेनासनक्खन्धकाचे स्मरण व्हावे. सेनासन म्हणजे शयन व आसन, अर्थात निवास. श्रावस्तीच्या वाटेवर काही भिक्खूंच्या शिष्यांनी पुढे धावून सर्व निवास अडविले आणि धम्मसेनापती सारिपुत्तांना रात्र झाडाखाली काढावी लागली. पहाटे हे कळताच भगवंतांनी भिक्खूंना विचारले की, अग्र आसन, अग्र उदक, अग्र पिण्ड यांचा अधिकारी कोण? कोणी क्षत्रिय कुळातून आलेल्यांचे नाव घेतले, कोणी ब्राह्मण कुळातून आलेल्यांचे. भगवंतांनी ती उत्तरे स्वीकारली नाहीत. ज्येष्ठत्व उपसंपदेवरून ठरविले. अर्थात हा नियम संघापुरता होता. जातककथांतील चांडाळग्राम नगराबाहेरच राहिले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

नगरासाठी नियम झाला तो 1955 साली. अस्पृश्यता (गुन्हे) अधिनियमाच्या चौथ्या कलमाने कोणत्याही वस्तीत राहते घर बांधणे, मिळविणे वा त्यात राहणे यांस अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा गुन्हा ठरविला. त्याच कलमात धर्मशाळेचाही उल्लेख आहे. 1976 च्या दुरुस्तीने या कायद्यास नागरी हक्क संरक्षण अधिनियम हे नाव मिळाले. त्यानंतर या गुन्ह्यास किमान एक महिना व कमाल सहा महिने कारावास, शिवाय दंड आहे. बारावे कलम त्याहून मोलाचे आहे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, कृत्य अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडले असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे आहे. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला आणि या गृहीतकाचा लाभ आपणासही मिळाला.

प्रस्तुत लेखकास विद्यार्थिदशेत धुळ्यात खोली हवी होती. भाडे ठरले, आगाऊ रक्कमही ठरली. नंतर आडनाव विचारले गेले आणि खोली पाहुण्यांसाठी राखून ठेवल्याचे सांगण्यात आले. ते पाहुणे महिनाभरात आले नाहीत. ये-जा करताना त्या खोलीचे कुलूप मला रोज दिसे, परंतु बारावे कलम तेव्हा मी वाचलेले नव्हते.